पोच मिळाली, पण समोरच्याला आता हात वर करता येणार नाहीत, असं म्हणता येतं का?

मंडळी, आज शोधनिबंध नाही, एका स्टँडर्डचं परीक्षण करू या. रिसर्चची तयारी करताना आपण पेपर वाचायला शिकतो. स्टँडर्ड मात्र 'इम्प्लिमेंट करताना लागलं तर बघू' म्हणून बाजूला राहतं. सिक्युरिटीत काम करायचं असेल तर ही सवय महागात पडते. पेपरमधला दावा कोणीतरी खोडून काढतो, स्टँडर्डमधला दावा थेट कायद्यात जाऊन बसतो. आणि मग तो खराच आहे असं सगळे धरून चालतात.

आजचा दस्तऐवज आहे एन्टसॉगचं एएस४ युसेज प्रोफाइल. एन्टसॉग म्हणजे युरोपातल्या गॅस-वाहिन्या चालवणाऱ्या कंपन्यांची संघटना. गॅस विकणारे, विकत घेणारे आणि वाहून नेणारे यांनी एकमेकांना व्यावसायिक मेसेज सुरक्षितपणे कसे पाठवायचे, हे या प्रोफाइलमध्ये ठरवलेलं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. इंजिनिअरिंग म्हणून हा दस्तऐवज चांगला आहे, त्याच्या प्रकारात तर खूपच चांगला. पण त्यातल्या आणि त्याच्यामागच्या कायद्यातल्या 'नॉन-रिप्युडिएशन' या एका शब्दाने जेवढं आश्वासन दिलंय, तेवढं यंत्रणेकडून मिळत नाही. तो फरक नेमका कुठे आहे, ते बघू.

आधी व्यवहार समजून घेऊ

गॅसच्या बाजारात शिपर नावाचा पक्ष असतो. उद्या कुठल्या ठिकाणी किती गॅस आत टाकणार आणि किती बाहेर काढणार, हे त्याने वाहिनी चालवणाऱ्या कंपनीला आदल्या दिवशी कळवायचं असतं. याला नॉमिनेशन म्हणतात. युरोपियन युनियनच्या ३१२/२०१४ या नियमावलीनुसार त्याची शेवटची वेळ हिवाळ्यात दुपारी १३:०० यूटीसी आणि उन्हाळी वेळ चालू असताना १२:०० यूटीसी. कंपनीने त्यानंतर दोन तासांत कन्फर्मेशन द्यायचं. वेळेत वैध नॉमिनेशन आलंच नाही, तर दोघांत ठरलेला डिफॉल्ट नियम लागू होतो. आत टाकलेला आणि बाहेर काढलेला गॅस जुळला नाही की इम्बॅलन्सचे पैसे भरावे लागतात. म्हणजे 'मेसेज पोचला का' या प्रश्नाला इथे थेट पैशात किंमत आहे.

हे मेसेज एडिगॅस नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात. नॉमिनेशन जातं ते नोमिंट, उत्तर येतं ते नोमरेस. २०१५ च्या ७०३ क्रमांकाच्या नियमावलीत, कलम २१ मध्ये, अशा डॉक्युमेंटच्या देवाणघेवाणीसाठी एएस४ प्रोटोकॉल आणि एडिगॅस-एक्सएमएल फॉरमॅट ठरवून दिला, आणि तोही साध्या इंटरनेटवरून.

एएस४ हे २०१३ चं ओएसिसचं स्टँडर्ड. त्याचा आधीचा भाऊ एएस२, म्हणजे २००५ चा आरएफसी ४१३०. दोघांचं काम एकच: फाइलवर सही करा, ती एन्क्रिप्ट करा, एचटीटीपीवरून पाठवा, आणि समोरून सही केलेली पोच घ्या. एएस२ मध्ये ही पोच 'एमडीएन' असते. ती कल्पना ईमेलच्या 'मेल वाचला गेला' या सूचनेतून उचललेली. एएस४ मध्ये पोच 'रिसीट' नावाच्या एक्सएमएल सिग्नलमधून येते.

नवा पार्टनर जोडायचा तर काय करावं लागतं? दोघांचे ईआयसी कोड, दोघांच्या गेटवेचे पत्ते, सहीचं सर्टिफिकेट, एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट, टीएलएसचं सर्टिफिकेट, फायरवॉलमध्ये एकमेकांचे आयपी, आणि 'पी-मोड' म्हणून ओळखला जाणारा सेटिंगचा संच. पी-मोडमध्ये कुठला मेसेज कुठल्या सेवेसाठी, सही कुठल्या पद्धतीने, पोच लगेच की नंतर, हे सगळं येतं. यातली एक गोष्ट दोन्हीकडे वेगळी भरली गेली तरी मेसेज अडकतो.

चांगलं काय आहे

मूळ एएस४ मध्ये पर्यायांची भरमार आहे, आणि पर्याय जितके जास्त तितके दोन कंपन्यांचे गेटवे एकमेकांशी न जुळण्याचे प्रसंग जास्त. एन्टसॉगच्या प्रोफाइलने बरेचसे पर्याय सरळ बंद केले. एकाच दिशेने ढकललेला मेसेज, सोप १.२, जीझिप कॉम्प्रेशन, एसएचए-२५६, आणि एन्क्रिप्शनला एईएस-१२८-जीसीएम. विषय संपला.

या यादीतल्या 'जीसीएम'वर जरा थांबा. टिबोर यागर आणि युराय सोमोरोव्स्की यांनी २०११ मध्ये एसीएम सीसीएस परिषदेत दाखवून दिलं की एक्सएमएल एन्क्रिप्शनमध्ये सीबीसी मोड वापरला असेल, तर सर्व्हर कुठल्या सिफरटेक्स्टला एरर देतो आणि कुठल्याला नाही, एवढ्यावरून मूळ मजकूर काढता येतो. एका बाइटला सरासरी १४ रिक्वेस्ट पुरतात. 'पण मेसेजवर सही असते ना?' असं तुम्ही विचाराल. असते, पण आत. आधी सही आणि मग एन्क्रिप्शन अशी रचना असली, की घेणाऱ्याला सही तपासण्याआधी डिक्रिप्ट करावंच लागतं. हल्लेखोराचं काम तेवढ्यात होऊन जातं. जीसीएममध्ये सिफरटेक्स्टमध्ये कोणी हात घातला तर ते डिक्रिप्ट करतानाच कळतं. एन्टसॉगने नेमका तो मोड सक्तीचा केला. संशोधनातला निष्कर्ष स्टँडर्डमध्ये असा उतरलेला फार वेळा दिसत नाही, म्हणून याचं मोल आहे.

तुलनेसाठी जर्मनीकडे बघा. तिथल्या वीजबाजारात कंपन्या बराच काळ एस/माइमने सुरक्षित केलेल्या ईमेलवरून एडिफॅक्ट मेसेज पाठवत होत्या. एप्रिल २०२४ पासून वीजबाजारात एएस४ बंधनकारक झालं. मधल्या काळात, २०१८ मध्ये, 'ईफेल' हा पेपर आला होता आणि त्यात एस/माइमची तीच सीबीसीची दुखरी नस दाबलेली होती. (पण 'ईफेलमुळे बाजार बदलला' असं तुमच्या थिसिसमध्ये लिहू नका. ईफेलचा हल्ला मुख्यतः एचटीएमएल दाखवणाऱ्या मेल-क्लायंटवर अवलंबून होता, मशीन-टू-मशीन गेटवेला तो जसाच्या तसा लागू होत नाही. दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही.)

आणखी एक चांगली गोष्ट. सर्टिफिकेटची मुदत संपते, आणि शंभर पार्टनर असले तर शंभर जणांशी मेलामेली करून बदल करायचा म्हणजे डोक्याला ताप. एन्टसॉगने हा बदल एएस४ मेसेजमधूनच, ओएसिसच्या ईबीकोर अॅग्रीमेंट अपडेट या ठरलेल्या पद्धतीने करण्याची सोय दिली. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण रात्रीच्या शिफ्टमधला माणूस दुवा देतो.

शब्द घसरतो कुठे

आता मुद्द्यावर. ७०३ नियमावलीचं कलम २२ सुरक्षिततेबद्दल आहे. त्याचा आशय असा: गुप्तता एन्क्रिप्शनने मिळवा, अखंडता आणि पाठवणाऱ्याची ओळख सहीने मिळवा, आणि नॉन-रिप्युडिएशन सही केलेल्या पोचेने मिळवा. तीन हेतू आणि प्रत्येकाला एक साधन. वाचायला फार सुटसुटीत वाटतं.

पण पहिल्या दोन जोड्या आणि तिसरी जोडी एका जातीच्या नाहीत. एन्क्रिप्शनने गुप्तता मिळते, हे गणिताचं विधान आहे. पोचेने 'नंतर हात वर करता येणार नाहीत', हे कोर्टातलं विधान आहे. पोच हा पुरावा. पुरावा कशाचा, हे वेगळं विचारावं लागतं.

आवक-जावक विभाग आठवा. विद्यापीठात तुम्ही सिनॉप्सिस घेऊन जाता, खिडकीतला माणूस तुमच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारतो, आवक क्रमांक आणि तारीख टाकतो. त्या शिक्क्याने काय सिद्ध झालं? इतकंच, की या तारखेला एक कागद या खिडकीत आला. तो पात्र होता का, त्यात गाइडची सही होती का, कमिटीने तो मान्य केला का, यातलं काहीही शिक्का सांगत नाही. आणि हे आपल्याला इतकं पाठ असतं की शिक्का मिळाल्यावर कोणी पेढे वाटत नाही.

एएस४ ची रिसीट म्हणजे हा आवक शिक्का. आता एकेक प्रश्न विचारू.

*पोच कोणी दिली?* गेटवेने. सहीची किल्ली गेटवेकडे असते, ट्रेडिंग डेस्कवरच्या माणसाकडे नाही. गेटवे बाहेरची सेवा देणारी कंपनी चालवत असेल, तर किल्लीही बऱ्याचदा तिच्याच ताब्यात असते. शिवाय या प्रोफाइलमध्ये रिसीट त्याच एचटीटीपी कनेक्शनवर परत येते. म्हणजे कनेक्शन उघडं असेपर्यंत ती तयार व्हायला हवी. नॉमिनेशन व्यवसायाच्या नियमांत बसतं का, हे तपासायला त्यात सवड नाही आणि तसा उद्देशही नाही.

असं समजा, हिवाळ्यात एका शिपरने १२:५८ ला नोमिंट पाठवलं. १२:५९ ला सही केलेली रिसीट आली, स्क्रीनवर हिरवी टिक. आत समोरच्या पक्षाचा कोड चुकलेला होता, म्हणून व्यवसायाच्या सिस्टिमने ते १३:०१ ला नाकारलं. रिसीट खोटी नाही, सही खरी आहे, हॅश जुळतो. तरी वैध नॉमिनेशन नाही. रीनॉमिनेशनची सोय असते, त्यामुळे आभाळ कोसळत नाही. पण बदल लागू व्हायला सायकल सुरू झाल्यापासून दोन तास जातात, आणि हिरव्या टिकेवर भरवसा ठेवून माणूस घरी गेला असेल तर तेवढंही होत नाही.

*पोच कशाची?* रिसीटमध्ये मूळ मेसेजच्या भागांचे हॅश परत पाठवले जातात. छान. पण एएस४ चा नियम असा की आधी कॉम्प्रेस, मग सही. म्हणजे हॅश तुमच्या एक्सएमएल फाइलचा नाही, तिच्या जीझिप केलेल्या बाइट्सचा आहे. आणि जीझिपचं आउटपुट प्रत्येक वेळी सारखं येईल याची हमी नाही. हेडरमध्ये वेळ असू शकते, ऑपरेटिंग सिस्टिमचा बाइट असतो, कॉम्प्रेशनची लेव्हल बदलू शकते. समजा कंपनीने जागा वाचवायला फक्त उलगडलेलं एक्सएमएल जपून ठेवलं. तीन वर्षांनी वाद झाला. तेच एक्सएमएल पुन्हा जीझिप केलं आणि हॅश जुळलाच नाही. मजकूर तोच, रिसीट खरी, पण दोघांतला दुवा तुटला. पुराव्याचं सगळं बळ 'मूळ बाइट्स जसेच्या तसे जपले का' या आर्काइव्हच्या शिस्तीवर टेकलेलं आहे. म्हणजे क्रिप्टोग्राफी कितीही भक्कम असली तरी निकाल स्टोरेजच्या पॉलिसीवर.

*पोच कधीची?* रिसीटमधली वेळ घेणाऱ्याच्या घड्याळाची. तिसऱ्या विश्वासू पक्षाचा टाइमस्टँप, ज्याची पद्धत आरएफसी ३१६१ ने २००१ मध्येच ठरवली, तो एएस४ च्या रिसीटमध्ये सक्तीचा नाही. जिथे १३:०० च्या आधी की नंतर यावर पैसे ठरतात, तिथे वेळेचा साक्षीदार म्हणजे वादातलाच एक पक्ष. शिवाय सहीचं सर्टिफिकेट पुढे रद्द झालं, तर सही रद्द होण्याआधीची की नंतरची, हे त्या रिसीटवरून ठरत नाही.

*आणि पोच दिलीच नाही तर?* हा सगळ्यात जुना प्रश्न. घेणाऱ्याने मेसेज घेतला, उघडला, वाचला आणि पोच पाठवलीच नाही. पाठवणारा ठरल्याप्रमाणे पुन्हा पाठवत राहतो, समोरचा डुप्लिकेट ओळखून टाकून देतो. मेसेज त्याच्याकडे आहे, पुरावा तुमच्याकडे नाही.

हे आधी कोणी म्हटलंय का?

हो, आणि रिसर्चला बसण्याआधी हा प्रश्न नेहमी विचारा. जियानयिंग झोउ आणि डीटर गोलमन यांचा १९९६ चा 'अ फेअर नॉन-रिप्युडिएशन प्रोटोकॉल' हा पेपर या शेवटच्या प्रश्नावरच आहे. त्यांची अट अशी, की देवाणघेवाणीच्या कुठल्याही टप्प्यावर एका पक्षाला दुसऱ्यावर वरचढ होता येऊ नये. त्यासाठी त्यांनी तिसरा विश्वासू पक्ष आणला, कारण तो नसेल तर ही न्याय्यता पूर्णपणे मिळत नाही. एएस४ दोघांतलाच प्रोटोकॉल आहे. म्हणजे शैक्षणिक साहित्यात ज्याला न्याय्य नॉन-रिप्युडिएशन म्हणतात ते इथे नाही, आणि या रचनेत येऊही शकत नाही.

दुसरा लेख एड्रियन मॅकलाघ आणि विल्यम केली यांचा, २००० सालचा, 'फर्स्ट मंडे'मधला. त्यांचा मुद्दा असा: कायद्यात सही नाकारण्याचा हक्क आहेच, आणि खरं-खोटं सिद्ध करण्याची जबाबदारी साधारणपणे सहीवर विसंबणाऱ्यावर असते. इंजिनिअरांनी 'नॉन-रिप्युडिएशन' हा शब्द वापरून ती जबाबदारी गुपचूप दुसऱ्याच्या खांद्यावर टाकली. हा लेख आधी वाचा आणि मग कलम २२ वाचा, म्हणजे मी काय म्हणतेय ते नीट दिसेल.

गंमत म्हणजे कायदा लिहिणारे या बाबतीत जास्त सावध होते. अन्सिट्रालच्या १९९६ च्या ई-कॉमर्स मॉडेल लॉचं कलम १४ सांगतं, की पोच आली तर मेसेज पोचला असं गृहीत धरा. पण पाठवलेला आणि पोचलेला मजकूर एकच होता, असं त्यावरून गृहीत धरू नका. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम १२ याच घराण्यातलं आहे. पोच स्वयंचलित असली तरी चालते, आणि 'पोच आल्याशिवाय हा मेसेज बंधनकारक नाही' अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल तर पोच येईपर्यंत तो पाठवलाच नाही असं मानलं जातं. दोन्हीकडे पोचेला तिच्या जागेवर ठेवलंय. एएस४ मधला हॅश मजकुराबद्दलची ती त्रुटी भरून काढतो, हे मान्य. पण मग त्याच जोरावर पोच 'स्वीकारा'च्या खुर्चीत जाऊन बसते.

आरएफसी ४१३० बद्दलही न्याय्य राहू. त्यात पोचेचं नॉन-रिप्युडिएशन ही तांत्रिक मेसेज नसून कायदेशीर घटना आहे, असं स्पष्ट सांगितलंय. मात्र यशस्वी पोचेत त्यांनी शब्द ठेवला 'प्रोसेस्ड'. याचा अर्थ सही तपासली, मजकूर उघडला, इतकाच. पण डॅशबोर्डवर तो शब्द बघणाऱ्याला काय वाटेल, याचा विचार तिथे झालेला दिसत नाही.

दुसरी बाजू

आता या टीकेवरच टीका करू. गॅसच्या बाजारातले पक्ष अनोळखी नसतात. त्यांच्यात करार असतो, वर नियामक बसलेला असतो, आणि उद्या पुन्हा याच माणसाला मेसेज पाठवायचा असतो. पोच दाबून ठेवणारा किती दिवस टिकेल? शिवाय प्रत्येक मेसेजमागे तिसरा पक्ष आणला तर खर्च वाढतो आणि तो पक्ष बंद पडला की सगळा बाजार बंद. आणि व्यवसायाचं उत्तर वेगळं येतंच, इथे नोमरेस, जर्मनीत कॉन्ट्रल आणि अपेराक. मग अडचण काय?

हा आक्षेप मला बराचसा पटतो. म्हणूनच मी म्हणत नाही की रचना बदला. मी म्हणतेय की नाव बदला, किंवा निदान अर्थ लिहा. प्रोफाइलमध्ये एक पान असं हवं होतं: ही रिसीट अमुक सिद्ध करते, अमुक सिद्ध करत नाही, पुरावा म्हणून वापरायची असेल तर मूळ बाइट्स, सर्टिफिकेटची साखळी आणि त्या वेळची रद्द-यादी जपा, व्यवसायाचा स्वीकार फक्त व्यवसायाच्या उत्तरातूनच धरा. ते पान नसल्यामुळे प्रत्येक कंपनी आपापला अर्थ लावते, आणि तो अर्थ बरोबर होता की नाही हे वाद झाल्यावरच कळतं.

तुम्ही यातून काय घ्याल

पहिलं म्हणजे, स्टँडर्ड वाचताना 'सुरक्षितता उद्दिष्टं' असलेला तक्ता शोधा आणि प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारा: कोणी, कशाचं, कधी, आणि समोरचा अडून बसला तर? वरचं सगळं परीक्षण या चार प्रश्नांतूनच निघालंय, यात वेगळी हुशारी नाही.

दुसरं, यात करण्यासारखं काम आहे. एएस४ ची रिसीट आणि व्यवसायाचं उत्तर यांचं मिळून टॅमरिनसारख्या साधनात औपचारिक मॉडेल केलं, तर नेमकी कुठली हमी मिळते? वेगवेगळी एएस४ सॉफ्टवेअरं आर्काइव्हमध्ये काय जपतात, आणि त्यातून रिसीट पुन्हा तपासता येते का? दुसरा प्रश्न ओपन-सोर्स गेटवे घेऊन एका सेमिस्टरमध्ये हाताळता येईल. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला अगदी माफक.

तिसरं, इंटरव्ह्यूला 'डिजिटल सहीचे फायदे सांगा' असं विचारलं की आपण गुप्तता, अखंडता, ऑथेंटिकेशन, नॉन-रिप्युडिएशन असा श्लोक म्हणतो. यातली गुप्तता तर सहीचं कामच नाही. पुढच्या वेळी शेवटच्या शब्दावर थांबा आणि सांगा, की सही पुरावा देते, तो पुरावा पुरेसा आहे का हे करार आणि कोर्ट ठरवतं. पॅनेलने उलट प्रश्न विचारला तर उत्तम, बोलायला तुमच्याकडे जीझिपचं उदाहरण आहेच.

कमेंटमध्ये एक सांगा: तुमच्या विषयातल्या स्टँडर्डमध्ये असा कुठला शब्द आहे, जो सगळे वापरतात पण त्याने नेमकं काय सिद्ध होतं हे कोणी विचारत नाही?